रिंग म्हणेल ते माप

१४ मार्च, शनिवार
कारखान्यातूनच, दुपारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, छोटीचे दोन्ही गाल माझ्या वतीने ओढ. इकडे सगळे ठणठणीत. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि माझं उत्तर नाही, म्हणजे एव्हाना तू वहिनीला म्हणाला असशील, बाईसाहेब मोठ्या झाल्या, आता आपल्याला कोण विचारतंय! झालेच आहे मुळी मोठी. शेजारचा पत्रे कापणाऱ्याचा गाळा आठवतो? तो घेतला. मधली भिंत पाडली. आता आपलं दार दोन्ही रस्त्यांवर उघडतं, आणि ट्रक मागे घेताना कोणाच्या शिव्या खाव्या लागत नाहीत.

शहर तर तू ओळखणारच नाहीस. नाल्यापलीकडे नुसतं गवत होतं, तिथे आता खोक्यांचे कारखाने, रंगाचे कारखाने, स्प्रिंगवाले, आणि टोकाला एक भलंमोठं गोदाम. सकाळी सातला भोंगे सुरू झाले की अर्धं शहर सायकलवर आणि उरलेलं अर्धं त्यांना हॉर्न देत असतं. माणसं मात्र तीच. इथे अजूनही 'कसे आहात' कोणी विचारत नाही, 'काम आहे ना हातात' विचारतात. बाहेरचे लोक नाक मुरडतात, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे म्हणून. मी सांगते, बघायला येऊच नका, काहीतरी बनवून घ्यायला या.

मोठे मिस्त्री अजून लेथवर आहेत. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण कबूल करतील तर शपथ. कारखाना लेकीच्या हाती दिला तरी आबा रोज नऊला येतात, दाराजवळच्या खुर्चीत बसतात आणि मशीनच्या आवाजावरून कोण काय चुकतंय ते बसल्या जागी ओरडून सांगतात. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. मी काही केलं की म्हणतात, "आमच्या वेळी असं नव्हतं." मी म्हणते, "तुमच्या वेळी पंखाही नव्हता, बंद करू का?" मग खुर्ची पंख्याखाली सरकवतात. आमचं असं छान चाललंय.

आता तुझ्या पत्राकडे येते. आधीच यायला हवं होतं, पण मी इकडचं तिकडचं करत बसले.

कंपनीने तुला ग्राइंडिंग विभागाचा मुख्य व्हायला सांगितलं आणि तू नको म्हणालास. अकरा वर्षं स्टोअरच्या खिडकीत बसून नट-बोल्ट वाटतोयस आणि पुढेही तेच करणार म्हणतोस. कारण काय, तर 'माझ्या हाताला माप नाही, आबा म्हणाले ते खरंच होतं.' आणि शेवटी नेहमीचं वाक्य, 'त्या घरात तू एकटीच माझ्या बाजूची होतीस.'

दादा, ते वाचून मी रडले. तुझी दया आली म्हणून नव्हे, स्वतःची लाज वाटली म्हणून.

तुला तो आठवडा पाठ असेल, पण माझ्या बाजूने एकदा ऐक. पंपाच्या आठशे पिना करायच्या होत्या. आबांच्या उस्तादांनी त्यांना दिलेली ती पोलादी रिंग, तिच्यातून पिन अलगद गेली तर माप बरोबर, अडली तर जाड. आबा म्हणायचे, रिंग म्हणेल ते माप. तू पिना केल्यास आणि एकही आत जाईना. तू मायक्रोमीटर लावलास, पुन्हा लावलास, आणि आबांना म्हणालास, "माप बरोबर येतंय. रिंगमध्येच काहीतरी झालंय." आबांनी मायक्रोमीटरकडे ढुंकूनही बघितलं नाही. "रिंग चुकत नाही, माणूस चुकतो. घास अजून." तू आठशेच्या आठशे पिना पुन्हा घासल्यास. मग त्या रिंगमधून गेल्या, आणि गिऱ्हाईकाकडून सगळ्या परत आल्या. सैल म्हणून.

मग चहाच्या वेळी, सगळ्या कामगारांसमोर, आबा तुला जे बोलले ते मी पुन्हा लिहीत नाही. तू एवढंच म्हणालास, "मी सांगितलं होतं, रिंग बघा." ते म्हणाले, "स्वतःचा दोष लोखंडावर ढकलतोस?" तिसऱ्या दिवशी तू पिशवी भरलीस.

रिंग माझ्या हातून पडली होती.

तू पिना करायला बसलास त्याच्या आदल्या सकाळी. मी कपाट पुसत होते, डबी निसटली, रिंग फरशीवर आपटली आणि पार मशीनखाली गेली. मी ती काढली, पुसली, उजेडात धरून बघितली. आतल्या कडेला बारीकसा पोचा दिसला. केसाएवढा. वाटलं, एवढ्याने काय होतंय. ठेवून दिली. मी तेव्हा वीस वर्षांची होते, लहान नव्हते. डोक्यात शिरलं नाही असंही म्हणणार नाही. तू 'रिंग बघा' म्हणालास त्या क्षणी मला सगळं कळलं होतं, आणि मी हातात कप घेऊन उभी राहिले. आबांची भीती वाटली. नंतर तू गेल्यावर सांगायची भीती वाटली. मग तुझी पत्रं यायला लागली, तूच माझ्या बाजूची म्हणून, आणि ते ऐकायला मला आवडायला लागलं. खरं सांगते, आवडायचं.

तुला वाटेल, आता अकरा वर्षांनी हिला कंठ कुठून फुटला. तुझ्या त्या एका वाक्यामुळे फुटला. तू माझ्यावर चिडलास तर मला सोसेल. पण ज्या हाताला आख्ख्या गल्लीत तोड नव्हती तो हात तू वाईट समजून खिडकीत ठेवून दिलास, ते मला सोसवत नाही.

तरी कदाचित आणखी दोन आठवडे ढकलले असते. पण या सोमवारी नव्या गिऱ्हाईकाने नेमकं तेच माप मागितलं. तू गेल्यावर ते काम आपल्याकडे पुन्हा आलंच नव्हतं. आबांना कोण आनंद! कपाट उघडलं, तेलाच्या फडक्यातून रिंग काढली आणि सगळ्यांना दाखवून माझ्या हातात दिली. "ही घे. ही कधी चुकत नाही."

चहाचीच वेळ होती. मोठे मिस्त्री होते, तेव्हाचे आणखी दोघे होते. मला वाटलं, ज्यांच्यासमोर तुझं नाव खराब झालं त्यांच्यासमोरच बोलायचं, आबांना बाजूला घेऊन कुजबुजायचं नाही. मी सांगितलं. सगळं. कपाटापासून कपापर्यंत.

मोठे मिस्त्री म्हणाले, "अगं पोरी!" आणि हातातला कप खाली ठेवला. आबा ओरडतील अशी मी तयारी ठेवली होती. ते ओरडले नाहीत. तू सोडून गेलेला मायक्रोमीटर मागितला. माझ्याच ड्रॉवरमध्ये होता, दर महिन्याला पुसते. तेव्हा परत आलेल्या पिना अजून खोक्यात पडून आहेत, त्यांतली एक त्यांनी मोजली. मग गल्लीत नवीन मापाची प्रयोगशाळा निघालीय, तिथे रिंग घेऊन स्वतः चालत गेले, त्या गुडघ्यांनी. तिथल्या बाईंनी तपासून कागद दिला. आतल्या कडेला उंचवटा, रिंग वापरण्यास अयोग्य. म्हणजे तुझं पहिलं माप बरोबर होतं, दादा. आठशेच्या आठशे. कागदाची प्रत सोबत जोडलीय. स्टोअरची खिडकी बंद करून आधी ती वाच.

तीन दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. खुर्चीत बसायचे, पण कोणाची चूक काढायचे नाहीत, आणि त्यानेच कारखाना कसा सुनासुना वाटत होता. काल बोलले. "तुझं चुकलं ते तुझं. पण पोरगा मायक्रोमीटर माझ्यासमोर धरून उभा होता आणि मी बघितलं नाही. ते तुझ्यावर घालता येणार नाही मला." मी म्हटलं, घालू नकाच, माझ्याकडे माझं पुष्कळ आहे. रागावू नकोस, पण दोघंही थोडं हसलो.

मग त्यांनी तुझा पत्ता मागितला.

मी दिला नाही. एवढी वर्षं तू त्यांच्यापासून तो लपवायला सांगितलास आणि मी लपवला, तेवढा एक शब्द तरी मी पाळलाय. आता तो तुला विचारल्याशिवाय मोडणार नाही. त्यांना स्पष्ट सांगितलं, आधी दादाला विचारते. ते म्हणाले, "विचार. आणि नाही म्हणाला तर तसंच सांग, गोड करून सांगू नकोस." पत्र अजून टाकलंही नाही, तरी आज टपालवाला येऊन गेला तेव्हा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभावच तो, आणि मला ती इतक्या स्वस्तात नकोय. चिडायचं तेवढं चीड. वर्षभर पत्र पाठवू नकोस, मी समजेन. पण हे पत्र मिळालं की तुझ्या साहेबांकडे जा आणि ते काम घे. हे बहीण म्हणून सांगत नाही, एका कारखान्याची मालकीण म्हणून सांगते. ग्राइंडिंगचा असा कारागीर मला मिळाला असता तर मी त्याला खिडकीत बसू दिलं नसतं.

आणि पत्त्याचं कळव. दे म्हण किंवा नको म्हण, एका शब्दाचं कार्ड पुरे.

खाली नेहमीसारखंच 'तुझी' लिहितेय. तुला ते पटत नसेल तर खोड. मी खोडणार नाही.

तुझी,
धाकटी