गळ्यावर खूण नाही

यान्बू, ३ फेब्रुवारी २०२५

ती. नंदाताईस,
कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

आवाज का बसलाय, विचारत होतीस. सर्दी नाही, ताई. गुरुवारी मी चिपळूणला जाऊन येते म्हटलं, तर रणजितने दोन्ही हातांनी माझा गळा आवळला. डोळ्यांपुढे अंधार आला, कपडे ओले झाले, मग सोडलं. नंतर त्यानेच चहा केला. म्हणाला, जीव गेला नाही ना, मग कसला बाऊ करतेस!

दवाखान्यात त्याने सर्दी सांगितली. नर्स रुमाना आपल्या दापोलीची. तिने त्याला फॉर्म भरायला बाहेर पाठवलं, माझ्या पापण्या उलटून लाल ठिपके पाहिले आणि मराठीत विचारलं, कितवी वेळ? तिसरी, म्हटलं. माझा फोन तो रोज तपासतो, म्हणून या कागदाचा फोटो तीच तुला पाठवील.

तू वकील. खूण नसली तर गुन्हा होतो का? आईला कळू देऊ नकोस.

तुझी माया आहे, तेवढीच राहू दे.
कीर्ती

चिपळूण, ५ फेब्रुवारी

चि. कीर्तीस,
अ. आ.

होतो. पण कायदा तोकडा आहे. आपल्याकडे गळा आवळण्याला वेगळं कलम नाही. मारण्याचा इरादा सिद्ध झाला तर खुनाचा प्रयत्न, नाहीतर बायकोचा छळ, जास्तीत जास्त तीन वर्षं. तिथल्या, सौदीतल्या छळाच्या कायद्यात महिना ते वर्षभर कैद, किंवा नुसता दंड. इंग्लंडात याचा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत. आपण तिथे नाही.

गळा धरणारा पुन्हा धरतो. अशा दोन बायकांच्या फायली मी खुनाच्या झालेल्या पाहिल्यात. ते ठिपके गळा आवळल्यानेच येतात, डॉक्टरच्या सहीने लिहून घे आणि तो ड्युटीवर असताना तक्रार कर. मांजराला भिऊन माझ्या पाठीमागे लपणारी तू, म्हणून दटावून सांगते.

आईला मी सांभाळते. तू जपून राहा, एवढंच मागणं.
नंदाताई

यान्बू, २० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. रणजितच्या वकिलाने विचारलं, गळ्यावर खूण कुठे आहे? न्यायाधीशांनी डॉक्टरचा कागद दोनदा वाचला. रुमाना साक्षीला आली, नोकरी जायची भीती असूनही. रणजितला तीन महिने कैद झाली.

पण माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या नावावर. देश सोडायची परवानगी त्याच्याच मोबाईलवरून निघते. त्याचा मित्र जलाल निरोप घेऊन आला होता, तक्रार मागे घे, लगेच परवानगी देतो म्हणून. मी नाही म्हटलं. त्याला सांग, म्हटलं, माझा आवाज आता परत आलाय.

मी आता राहते त्या निवारागृहातल्या बाई दुसऱ्या मार्गाने परवानगीसाठी अर्ज करताहेत. उत्तर नाही. तो ऑगस्टमध्ये सुटेल. मी कधी, ठाऊक नाही. आईला खरं सांग आता. इथे खोलीला खिडकी नाही, पण दाराची कडी आतून आहे.

आठवण ठेव.
कीर्ती