नुसत्या इलेक्ट्रॉनचा चंद्र

बुधवार, दिवेलागणीला, पेण

रविवारी सायलीला बघायला पाहुणे येणार, रोह्याला तिच्या घरी. हे सांगायला ती आज आमच्या गणपतीच्या कारखान्यात आली आणि मी भडकून हातातला शाडूचा गोळाच आपटला.

“कॉलेज पण असंच भांडून सोडलंस,” ती म्हणाली.

म्हटलं, “पृथ्वी नुसत्या प्रोटॉनची आणि चंद्र नुसत्या इलेक्ट्रॉनचा असता ना, तर आपल्यासारखे असे एकमेकांकडे खेचले गेले असते की कुणाच्या बापाला अडवता आलं नसतं.”

ती फिजिक्स शिकते. “येड्या, तसला चंद्र पृथ्वीपर्यंत पोचायचाच नाय. सगळे इलेक्ट्रॉन एकमेकांनाच ढकलणार. आधी तोच फुटेल.” मग हळूच म्हणाली, “पाहुण्यांच्या आधी ये. बाबांशी शांतपणे बोलशील?”

बोलेन म्हटलं खरं. पण तो नुसत्या इलेक्ट्रॉनचा चंद्र डोक्यातून जात नाय. धरून ठेवायला आत दुसरं काहीच नाही. मी तसाच आहे का?

कारागीर घरी गेल्यावर एका रंग न दिलेल्या गणपतीसमोर बसून सराव केला. “काका, माझं जरा ऐकून घ्या.” तिसऱ्याच वाक्याला आवाज चढला. समोरून तर कुणी काही बोललंही नव्हतं.