बापाचा एकच रकाना

कोचकोर, ४ मार्च

ती. सगीन आके,
शि. सा. न. वि. वि.

तुझी लेक बेगिमाय इथल्या शाळेत शिकवता शिकवता शेजारच्या कुबातच्या प्रेमात पडली. मी सख्खी आत्या, आणि मलाच शेवटी कळलं! मुलगा गुणी आहे. पण म्हातारे अडून बसलेत: सात पिढ्यांत मूळपुरुष एक निघाला तर लग्न नाही. सारं गाव आता तुझ्या वंशावळीच्या प्रोग्रामवर विसंबतं, तेव्हा दोघांची नावं घालून बघ. बेगिमाय म्हणते, बाबांचं यंत्र बाबांच्या आधी हो म्हणेल. कुबातची आई सोयरीक पक्की म्हणून तिच्या कानात डूल घालायला ताटकळली आहे.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी बहीण झुरा

बिश्केक, ११ मार्च

चि. झुरा,
अ. उ. आ.

पाहिलं. सात सोड, नवव्या पिढीपर्यंत संबंध नाही. खुशाल डूल घाला. मांडणीच सुटसुटीत केलीय: प्रत्येक माणसापुढे बापाचा एकच रकाना, तिथून वर चढत जायचं. उत्तर चुटकीसरशी. सोबत काम करणारा मित्र सांगत होता, प्रत्येकापुढे नात्यांची मोकळी यादी ठेव, हवी तितकी जोडता येतील. मी त्याची टर उडवली. म्हटलं, माणसाला बाप असतात तरी किती?

मटण जास्त शिजवा, मी येतोय.
सगीन

कोचकोर, २० सप्टेंबर

ती. सगीन आके,
शि. सा. न.

कसं लिहू कळत नाही. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या तुर्सुन आजीने मरताना सांगितलं, कुबातचे आजोबा म्हणजे आपल्या आजोबांचे सख्खे भाऊ. शेजाऱ्याला मूल नव्हतं, म्हणून पाळण्यातच देऊन टाकलेले. तुझ्या रकान्यात पाळणारा बाप तेवढा मावला. म्हाताऱ्यांनी लग्न मोडून दोघांना वेगळं केलं, कुबातला रशियात धाडलं. बेगिमायला पाचवा महिना आहे. जेवत नाही. एकदाच म्हणाली, बाबांना विचार, माझ्या बाळाला कुठं लिहिणार.

आके, थोरला म्हणून तुलाही आजीआजोबांना दिलं होतं. आपल्या बाबांना तू आके, म्हणजे दादा, म्हणत वाढलास. तू कसा विसरलास रे?

झुरा

बिश्केक, २ ऑक्टोबर

चि. झुरा,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही. प्रोग्राममध्ये स्वतःचं नाव घातलं. बापाच्या रकान्यात आजोबा आहेत, मीच हौसेने भरलेले. त्या हिशेबाने बाबा माझे भाऊ आणि तू पुतणी. रोज डोळ्यांसमोर होतं, कधी खटकलं नाही.

ती मांडणी मोडली. आता प्रत्येकापुढे मोकळी यादी आहे, हवे तितके बाप. तुर्सुन आजीचं सांगणं जोडलं आणि बेगिमायपासून कुबातपर्यंतची नात्याची वाट विचारली. तीही चुटकीसरशी आली.

बाळाला आता यादीत दोन्हीकडे जागा आहे. त्याच्या आईबापाला एका घरात नाही. हे तिला वाचून दाखवू नकोस. तिच्यापाशी बस.

यंत्र काही म्हणो, तुझा भाऊ
सगीन