कोरडं मोजमाप

१४ मार्च, सकाळी आठ

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुझी भाची आता अगदी तुझ्यासारखं नाक मुरडते आणि तुझ्यासारखंच कुणाचं ऐकत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

तू काम सोडल्यापासून त्याच आकड्यांवरून कॉइल बाहेरून गुंडाळून आणतो. दिसायला सुरेख, तारेचे वेढे कवायतीला उभे केल्यासारखे. पाण्याखालचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या आपल्या सोनार यंत्राचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र अजून रुसलेलाच. त्याचे स्विच एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, म्हणून फारसे तापायला नकोत. टेबलावर थंडगार चालतात. आवाज काढणारा ट्रान्सड्यूसर पाण्यात सोडून पूर्ण ताकद दिली, की फट्! गेल्या आठवड्यात सहा गेले.

आणि तुझी कॉइल तर कपाटात पडून आहे. आता ठपका कुणावर ठेवायचा?

सोमवारी बाह्या वर केल्या, ट्रान्सड्यूसर टाकीत बुडवला आणि नव्याने मोजला. कोरड्यात एक आकडा, पाण्यात भलताच. कॉइल ट्रान्सड्यूसरच्या आकड्यांशी जुळली नाही, तर स्विच जळणारच, आणि तुला मी कोरडे आकडे दिले होते. तू त्यांच्याबरहुकूम गुंडाळलंस, एक वेढा इकडचा तिकडे नाही.

आता खरं ते लिहितो. तू तेव्हा विचारलं होतंस, "बुडवूनच मोजलंस ना रे?" मी "हो गं, किती वेळा सांगू!" म्हणून तुझ्यावरच खेकसलो. टाकी भरण्यात अर्धा दिवस गेला असता, एवढंच कारण. आणि स्विच जळल्यावर अहवालात लिहिलं, "कॉइलची गुंडाळणी सदोष." एकोणीस वर्षांचं तुझं काम तीन शब्दांत मातीमोल केलं. तू डबा उचलून निघून गेलीस. तुला तेव्हाच सगळं कळलं होतं, असं आता वाटतं. फार लाज वाटते, ताई.

काल त्या अहवालाची दुरुस्ती लिहिली, सही केली आणि साहेबांच्या हातात दिली. ते म्हणाले, "हे काम तुझ्याकडून काढून घ्यावं लागेल, कळतंय ना?"

"घ्या," म्हटलं, "पण आधी हा कागद सगळ्यांसमोर वाचा."

आज दहा वाजता वाचणार आहेत. मी पुढच्याच खुर्चीत बसणार आहे.

परत ये म्हणायला मला तोंड नाही. पाण्यातले आकडे सोबत पाठवतो. नवी कॉइल गुंडाळायची की नाही, ते तू ठरव. पण माझ्या शब्दावर विसंबू नकोस. टाकी भरून ठेवली आहे. ये आणि स्वतः मोज.

तुझ्याशी खोटं बोललेला,
धाकटा