माझ्या पिंपातली बिअर

अण्णा,

पाया पडतो, पण मान खाली घालत नाही. दारूचा पैसा म्हणून तुम्ही माझी मनीऑर्डर परत धाडलीत, वर ‘बेवडा झाला असशील’ असंही लिहिलंत.

मी इथं पिंपं धुतो. वाइनच्या जुन्या लाकडी पिंपांत काळी, कडक बिअर वर्षभर मुरवतात. काल मुकादमानं चाखायला दिली, म्हणाला, “थुंक, सगळे थुंकतात.” मी गिळली. करपलेल्या गुळासारखी लागली, मागून द्राक्षांचा आंबटपणा. मीच घासलेल्या पिंपातली, का थुंकू?

दुसरा घोट मागितला नाही, एवढं आईला सांगा. हातांची सालं निघतात, ते सांगू नका. तिचा खोकला थांबला का?

या वेळी मनीऑर्डर तिच्या नावानं केली आहे, परत करायची तर तिला विचारा. मागचे धरून सहा हजार.