चिठ्ठीत ऐंशी, काचेत शंभर

१४ तारीख, रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा खोकला गेला, पाण्याचा पंप दुरुस्त झाला. वहिनी आणि चिमणी बऱ्या असतील असं धरून चालते. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग माझं राहून जातं. म्हणून पत्र.

गेल्या रविवारी जेवताना तू जे बोललास ते मला शब्द न् शब्द आठवतंय. "बाबा, त्या कंपनीच्या दुकानात एकावर एक फुकट, गारेगार एसी, तासाभरात चष्मा हातात. तुमच्या गल्लीत गाडी लावायची कुठे?" मग वहिनीकडे बघून, "आमचे बाबा अजून पेचकस घेऊन बसलेत." बाबा हसले. म्हणाले, "पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात ना." छत्तीस वर्षं चष्मे करणाऱ्या माणसासमोर त्याचा मुलगा भलत्याच दुकानाचा चष्मा घालून जेवत होता, आणि त्या माणसाने त्याला वर भाजी वाढली.

जेवून तू आडवा झालास. तुझा चष्मा घसरतोय हे बाबांनी तू दारात असतानाच पाहिलं होतं. त्यांनी तो उचलला, काडी गरम केली, कानामागचा बाक नीट केला आणि परत तुझ्या उशाशी ठेवला. चहाला उठून तू तो चढवलास. "बघा, कसा बसलाय. कंपनीचा माल तो कंपनीचा."

मी कप विसळायला आत गेले. तिथेच उभी राहिले असते, तर कप फुटला असता.

एवढंच असतं तर लिहिलं नसतं. त्याच दुपारी बाबांनी चिमणीचाही तिथलाच नवा चष्मा खाली आपल्या दुकानात नेऊन यंत्रावर धरला. डबीत डॉक्टरांची चिठ्ठी होती. डाव्या काचेचा अक्ष, म्हणजे ती फ्रेममध्ये ज्या कोनात बसवायची तो, चिठ्ठीत ऐंशी अंश, काचेत शंभर. मी तीनदा मोजला. मापयंत्रं तपासण्याचाच मला पगार मिळतो, तेव्हा यंत्राला दोष देऊ नकोस. चिमणी मान वाकडी करून वाचते ती म्हणून, आणि वहिनी तिला "सरळ बस" म्हणून ओरडते. सहा वर्षांचा डोळा आहे तो. या वयात त्याला धूसर बघायची सवय लागली, तर पुढे कुठल्याही चष्म्याने ती पुरती जात नाही.

मी बाबांना म्हटलं, दादाला सांगा. ते म्हणाले, "बाप बोलला असं त्याला वाटायचं नाही. दुकानदार बोलला, असंच वाटेल." आठवडा झाला. जेवणावरून अर्धवट उठतात.

मग तू का नाही बोललीस, असं विचारशील.

कारण माझ्या पिशवीतही त्याच दुकानाचा चष्मा आहे. आठ महिने झाले. आमच्या ऑफिसच्या इमारतीत खालीच त्यांची शाखा आहे, जेवणाच्या सुटीत काम होऊन गेलं. संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर तो काढते आणि बाबांनी केलेला जुना चढवते. डोकं दुखतं. दिवसभर लोकांची यंत्रं मोजते, हा चष्मा मात्र मोजलेला नाही. तुझ्यावर चिडले आहे, पण त्यातला निम्मा राग कुणावरचा, हे मला नेमकं माहीत आहे.

चिमणीच्या नव्या काचा बाबांनी घासून ठेवल्यात. पार्सल करणार नाही. चष्मा नाकावर बसवावा लागतो, आणि त्यासाठी नाक समोर लागतं. शनिवारी सकाळी तिला घेऊन ये. तोवर तिला आधीचा चष्मा लाव. घरच्या जिन्याने वर येऊ नकोस. दुकानाच्या दाराने ये, गिऱ्हाइकासारखा बाकावर बस. गाडी बाजारापाशी लाव. तिथून चालत सात मिनिटं, मी मोजलीत.

बाबांची माफी मागू नकोस, त्यांना ते झेपणार नाही. "हिचा चष्मा करायचाय," एवढंच म्हण. आणि तुझा नंबर येईपर्यंत थांब. बाकावर तुझ्या आधी कुणीतरी बसलेलं असेल, दोन चष्मे मांडीवर घेऊन.

ते पहिलं गिऱ्हाईक,
तुझी धाकटी बहीण