गुहेची किल्ली

एगैला, कुवेत
१२ ऑक्टोबर २००४

प्रिय क्षितू,

मराठी वाचायला तुला वेळ लागतो, म्हणून अक्षर सुटं काढलंय. फोनवर तू इंग्रजीत सुरू होतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

सोबत एक किल्ली आहे. जुलैत तू आम्हाला स्कॉटलंडच्या समुद्रकाठची चार गावं दाखवलीस, त्यातल्या पिटनवीमच्या गुहेची. मला सगळं आठवतंय. क्रेलचं चिमुकलं बंदर, अँस्ट्रुथरला वाऱ्यात उभ्यानं खाल्लेला मासा, सेंट मोनन्सच्या चर्चमध्ये छताला टांगलेलं जहाज. गुहेला कुलूप होतं आणि किल्ली गावातल्या दुकानातून आणायची होती. बाबाच गेले. आत गार, ओलं, कुणा साधूनं तिथे दिवस काढले म्हणे. निघताना बाबांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली.

शुक्रवारी त्यांचा कोट धुवायला काढला, तर ती खिशातच. अगं, त्यांच्या रिफायनरीत दुरुस्तीच्या वेळी आत माणसं असताना कुणी व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून ज्यानं त्यानं त्याला आपलं कुलूप घालायचं आणि काम झालं की आपल्याच हातानं काढायचं. हाताखालचा कमाल एकदा किल्ली घेऊन घरी गेला, तर बाबा आठ दिवस त्याच्या नावानं शंख करत होते. बावीस वर्षांत स्वतः कधी चुकले नाहीत.

म्हटलं, आता चिडवायला मिळालं. किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, कुठल्या कपाटाची. गुहेचं सांगितलं, तर म्हणाले, गुहेत आपण कधी गेलो होतो. फोटो दाखवला. तुला पाहून खूश झाले, गाव मात्र ओळखलं नाही. मी कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या. रडूबिडू आलं नाही. अजूनही येत नाही.

मे महिन्यात घरी यायचे ते रस्ता विसरून थेट तिकडे शहरात, शुवैखला पोचले होते. तुला सांगितलं नाही, उन्हावर ढकललं. आता डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. माझ्या कुलपाच्या भरवशावर माणसं आत उतरतात, असं म्हणून बाबांनी स्वतःच राजीनामा दिलाय. डिसेंबरअखेर आम्ही कायमचे नाशिकला.

दुकानातल्या बाईंना किल्ली नेऊन दे, माफी माग. पण तेवढ्यासाठी चार ओळी पुरल्या असत्या. नाताळात येते म्हणाली होतीस, तोवर थांबू नकोस. काल संध्याकाळी त्याच फोटोतल्या तुझ्यावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, ही मुलगी कुणाची गं. आज सकाळी चहा घेताना मात्र म्हणाले, क्षितूचा फोन नाही आला बऱ्याच दिवसांत. आठवतेस, तोवर ये.

तुझीच,
आई